शून्य गुणांची तोड

सोलापुरात राहून मी सगळी नोकरी झाडतोडीवर केली, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "सोलापुरात? तोडायला झाडं कुठली हो?" जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत तर कितीतरी वर्षं मी साखर कारखान्यात आहे असाच समज होता, कारण आमच्या जिल्ह्यात तोड म्हटलं की ऊसच. शेजारच्या काकांनी एकदा मला जिन्यात गाठून अगदी हळू आवाजात विचारलं होतं, माढ्याकडच्या त्यांच्या मेहुण्याच्या उसाला लवकर तोड मिळवून देता येईल का म्हणून. मी खरं काय ते सांगितलं, तर त्यांना वाटलं मी टाळतेय. दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी.

तेव्हा आधी काम काय ते सांगते. एक पेपर मिल आहे. आमच्या जिल्ह्यात नाही, लांब आहे, पण तिला लागणारं लाकूड थोडंफार आमच्याकडनं जातं. ज्या माळावर ऊस काय, धड ज्वारीही येत नाही, तिथं शेतकरी निलगिरी किंवा सुबाभूळ लावतात आणि चार-पाच वर्षांनी मिलला देतात. मिलचे ठेकेदार ठरलेले असतात. ठेकेदाराची टोळी येते, झाडं पाडते, साल सोलते, ट्रक भरते आणि पुढच्या गावाला जाते. कागद परदेशात जातो, आणि तिथले गिऱ्हाईक विचारतात, की ही झाडं तोडताना तुम्ही ओढा नासवला का, कुणाची विहीर बुजवली का, पाखरांची घरटी मोडली का? या प्रश्नांची उत्तरं मिलच्या ऑफिसात बसून देता येत नाहीत. कुणीतरी त्या रानात जाऊन बघावं लागतं. ते बघणारं माणूस म्हणजे मी. कागदावर माझं पद बरंच लांबलचक होतं. रानात मला झाडवाल्या म्याडम म्हणत.

बघायचं काय, हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. खुंट जमिनीलगत आणि तिरका कापलाय का, म्हणजे पाणी न साठता त्याला पुन्हा फुटवा येईल. ओढ्याच्या काठची झाडं शाबूत आहेत का. ट्रॅक्टर ओल्या रानात फिरवून माती दडपली का. करवतीचं तेल सांडलं का. निलगिरीच्या गराड्यात एखादा जुना लिंब, एखादा करंज उभा होता, तो अजून उभा आहे की निलगिरीच्या ढिगाखाली लपून ट्रकमध्ये गेला. हे सगळं एका हंगामात कुणालाही शिकवता येतं. अवघड असतं ते दुसरंच. हंगामात एकाच वेळी जिल्हाभर शेकड्यांनी तोडी चालू असतात, आणि बघायला आम्ही दोघं. बार्शी-करमाळ्याकडं एक सहकारी आणि उरलेल्या सगळ्या तालुक्यांना मी. म्हणजे दहातल्या नऊ तोडी कुणीच बघणार नाही हे आधीच ठरलेलं. कुठली एक बघायची, हे ठरवणं हाच आमच्या धंद्याचा खरा गाभा.

मी लागले तेव्हा ते कसं ठरायचं सांगू? डांबरी रस्त्याच्या जवळची तोड आणि वाटेत बरी खाणावळ. जीप चिखलात अडकायला नको आणि जेवणाचे हाल व्हायला नकोत. साहजिकच तपासलेल्या सगळ्या तोडी उत्तम निघायच्या, कारण रस्त्याकडेला कोण वाकडं काम करतो? मी हे साहेबांना तोंडावर सांगितलं. तेव्हा माझी जीभ जरा जास्तच चालायची. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच काहीतरी पद्धत बसवा."

मी बसवली. माझा तक्ता. अकरा प्रश्नांचा एक फॉर्म. जागेपासून शंभर पावलांत ओढा किंवा विहीर आहे का, जमिनीला उतार आहे का, मधे जुनी झाडं आहेत का, घरटी, जमिनीवरची अंडी, बिळं आहेत का, ठेकेदाराच्या नावावर मागची त्रुटी आहे का, असे. प्रत्येक 'हो'ला गुण. हे गुण शाळेच्या उलटे, जास्त गुण म्हणजे जास्त धोका. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या फॉर्मांची बेरीज लावायची आणि ज्या तोडीला सगळ्यांत जास्त गुण, तिथं आधी जायचं. फॉर्म कुणी भरायचा? तोडण्याआधी ठेकेदारानं स्वतः. "त्याच्याइतकी जागेची माहिती दुसऱ्या कुणाला असणार?" हे वाक्य मी भर मीटिंगमध्ये म्हटलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तक्ता लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी मजा आली. आडबाजूची, कधी कुणी न बघितलेली रानं यादीत वर यायला लागली. मोहोळ तालुक्यात एका ओढ्याकाठी मी पोचले, तर काठावर हिरवीगार रांग उभी. ठेकेदार पुढं होऊन म्हणाला, "एक काडी तोडली नाही बघा, मॅडम." मी लांबनंच बघत होते. वारा सुटला होता आणि त्या रांगेतलं एकही झाड त्या वाऱ्याबरोबर डुलत नव्हतं, नुसतं मागं-पुढं कलत होतं. जवळ जाऊन एक धरलं तर हातात आलं. खरी झाडं तोडून ट्रकात गेली होती आणि मी येणार म्हणून त्यांच्याच फांद्या सकाळी जमिनीत खोचून ठेवल्या होत्या. ठेकेदारानं तरीही हार मानली नाही. म्हणाला, "कलमं लावलीत, मॅडम." त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

असे अनुभव येत गेले आणि माझा तक्त्यावरचा विश्वास वाढत गेला. दरवर्षी दिल्लीहून बाहेरचे परीक्षक यायचे, आमची तपासणी नीट चालते का ते तपासायला. त्यांनी तक्त्याची तारीफ केली. मिलच्या दुसऱ्या राज्यांतल्या ऑफिसांनीही तो उचलला. मी वरवर "अहो, त्यात काय एवढं" म्हणायचे, पण घरी आल्यावर नवऱ्याला तीच गोष्ट तीनदा सांगायचे. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. चहा पिता पिता म्हणायचे, "आमच्यात जे मशीन कधीच बिघडत नाही, त्यावर आम्ही आधी संशय घेतो." मला वाटायचं, यांना माझं सुख बघवत नाही.

आता बिरू मेटकरीबद्दल सांगायला हवं, कारण हा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलाय.

बिरूदादा सांगोल्याकडचा. घर धनगराचं, आधी मेंढरं राखायचा. मेंढरं भावाकडं सोपवून त्यानं गावातल्याच चौदा माणसांची टोळी बांधली आणि मिलचा छोटा ठेका घेतला. स्वतः अंगानं काम करायचा, मुकादमही तोच. पहिल्याच हंगामात त्यानं ओंडके ओढायला वाट हवी म्हणून ओढ्याकाठच्या चार बाभळी पाडल्या. मी त्रुटी लिहिली. त्यानं वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "बाबळीनं वड्याला काय हुतंय, म्याडम?" मी त्याला मागच्या वर्षी तोडलेला दुसरा काठ दाखवायला नेलं. काठ ढासळून ओढा दुप्पट रुंद झाला होता आणि पाणी मात्र घोट्याएवढंही नव्हतं. तो काठापर्यंत जाऊन बघून आला. "व्हय की," एवढंच म्हणाला. पुढच्या तोडीला नियमापेक्षा दहा पावलं जास्तच काठ त्यानं सोडला होता.

आणि फॉर्म भरावा तर बिरूदादानंच. सातवीपर्यंतचं अक्षर, पण मेंढरामागं आयुष्य काढलेल्या माणसाची नजर. आमच्या फॉर्मात 'घरटी' असा एवढासा चौकोन होता, त्यात हा मावायचा नाही. मागच्या बाजूला लिहायचा. उत्तरेच्या बांधाला टिटवीची चार अंडी. बोरीवर सुगरणीची सात घरटी, त्यातली दोन अर्धवट. खालच्या अंगाला पडकी विहीर, पाणी हाय, हरणं येत्यात. मुंगसाचं बीळ. मला ते फॉर्म वाचायला आवडायचे. आणि वाचून झाले की मी त्यांना तक्त्याप्रमाणे गुण द्यायचे. टिटवीचे गुण, विहिरीचे गुण, बिळाचे गुण, मागच्या त्रुटीचे गुण. बिरूदादाची तोड प्रत्येक महिन्याला यादीत सगळ्यांत वर.

म्हणून मी प्रत्येक महिन्याला जायचे. आणि बारकाईनं बघायला गेलेल्या माणसाला काही ना काही सापडतंच. एकदा तेलाच्या कॅनला झाकण नव्हतं. एकदा निलगिरी पडताना खाली लिंबाची दोन रोपटी मोडली. एकदा तीन खुंट वीतभर उंच राहिले. एकदा ट्रॅक्टर ओल्यात वळवला. प्रत्येक त्रुटी खरी होती, मी एकही खोटी लिहिली नाही. आणि प्रत्येक त्रुटीचे पुन्हा गुण. मी मीटिंगमध्ये अभिमानानं दाखवायचे, "बघा, ज्याला जास्त गुण त्याच्याकडंच जास्त त्रुटी सापडतात. तक्ता बरोबर माणूस पकडतो." पुन्हा सगळे माना डोलवायचे.

आमचा नियम होता, तीन हंगामांत पाच त्रुटी झाल्या की ठेकेदार मिलच्या यादीतनं बाद. बिरूदादाच्या पाच झाल्या. कागद तयार झाला, खाली माझी सही तेवढी बाकी. टोळीतल्या चौदा घरांचा हंगाम त्या सहीवर टांगलेला होता, पण मी त्याकडं तसं बघत नव्हते. नियम तो नियम.

तो सोलापूरला ऑफिसात आला. आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच आला असेल. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला बसला. आरडाओरडा नाही, विनवण्या नाहीत. मी मनातून दोन्हींची तयारी करून बसले होते.

"म्याडम, एक इचारू?"

"विचारा की."

"या दोन सालात माझ्या तोडीला तुमी किती येळा आलाव?"

मी रजिस्टर न बघताच सांगितलं, "तेरा-चौदा वेळा तरी."

"आणि सुभाषरावांच्याला?"

सुभाषराव म्हणजे जिल्ह्यातले आमचे सगळ्यांत मोठे ठेकेदार. चार टोळ्या, दोन क्रेन, दिवाळीला ऑफिसात फराळाचा डबा. मला आठवेना. मी म्हणाले, "त्यांच्या तोडींना गुणच पडत नाहीत, बिरूदादा. त्यांच्या जागी ओढा नसतो, विहीर नसते, घरटी नसतात. शून्य गुण असतात त्यांना. मग जायचं कशाला?"

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही, जरा काळजीनंच.

"टिटवी बी न्हाय?" त्यानं विचारलं.

"फॉर्मवर नाही लिहिलेली."

"म्याडम, आपल्या जिल्ह्यात टिटवी नसल्यालं रान मला दाखवा. म्या कुराड ठिवतो खाली."

तो उठला, नमस्कार केला आणि कुठल्या बसनं जायचं ते शिपायाला विचारत बाहेर पडला.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायला श्रीनिवास म्हणून होता. सोलापूरच्याच पूर्व भागातला, घरात तेलुगू, वडिलांचा हातमाग. फार कमी बोलायचा. मी त्याला म्हणाले, "सुभाषरावांचे दोन वर्षांचे सगळे फॉर्म काढ." त्यानं काढून टेबलावर ठेवले. आम्ही दोघं चाळत बसलो. प्रत्येक फॉर्मवर अकराच्या अकरा चौकोनांत 'नाही'. एकच अक्षर, एकच पेन. काही फॉर्म तर एकाच बैठकीत भरलेले, कागदाखाली कागद ठेवून, वरच्याचा दाब खालच्यावर उमटलेला.

श्रीनिवास म्हणाला, "एवढ्या तोडीत एकबी ओढा नाही, हे कसं काय की मॅडम."

माझा तक्ता माणूस पकडत होता, ते खरं होतं. पण जो खरं सांगेल त्यालाच पकडत होता. ज्यानं डोळे मिटून 'नाही' लिहिलं, त्याच्या रानाकडं आम्ही कधी फिरकलोच नाही, आणि फिरकलो नाही म्हणून त्याच्या नावावर त्रुटी नाही, आणि त्रुटी नाही म्हणून पुन्हा शून्य. इतकी साधी गोष्ट. ती मला, साहेबांना, दिल्लीच्या परीक्षकांना, कुणालाच दिसली नव्हती. एका मेंढपाळाला दिसली.

मी साहेबांकडं गेले. म्हणाले, मला शून्य गुणांची एक तोड बघायचीय. ते म्हणाले, "तुमच्याच तक्त्यानं ज्याला शून्य दिलंय, तिथं जीप पाठवू? अहो, परीक्षक दहा दिवसांवर आलेत." मी हटले नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "एक. फक्त एक. आणि सोमवारी मेटकरीच्या कागदावर सही पाहिजे."

कुठली, ते ठरवायला मी सुभाषरावांच्या शून्यवाल्या सगळ्या फॉर्मांची गड्डी पालथी केली आणि श्रीनिवासला म्हणाले, ओढ एक. जागा निघाली अक्कलकोट तालुक्यातली, हद्दीजवळची, दोन वर्षांपूर्वी तोडलेली. शनिवारी सकाळी निघालो. श्रीनिवासलाही घेतलं, कारण तिकडं कानडीच जास्त चालतं. मला काही ते येत नाही, त्याला जेमतेम यायचं.

रान शोधावं लागलं नाही. फॉर्मवर नसलेला ओढाच आम्हाला तिथं घेऊन गेला. दोन्ही काठ पार पाण्यापर्यंत उघडे. ट्रॅक्टर ओढ्याच्या पात्रातनंच नेलेले, चाकांच्या घळी पडलेल्या. निलगिरीच्या खुंटांमध्ये मला वेगळे खुंट दिसायला लागले, जाड, तांबूस. मी मोजत गेले. करंजाचे अकरा, उंबराचे दोन. यातला एक उंबर माझ्या आजोबांच्या वयाचा असेल. खुंटावर बसले आणि काही वेळ उठावंसंच वाटेना.

खालच्या अंगाला एक वस्ती होती. दारात एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून म्हणाली, "बर्री, कुंदर्री." या, बसा. बसलो. श्रीनिवासनं पाणी मागितलं तर तिनं सूप खाली ठेवलं, उठून आम्हाला विहिरीकडं घेऊन गेली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "हे बघा. देऊ का?" ओढ्याच्या झिऱ्यावर चालणारी विहीर. काठ मोकळे झाले, तशी वरची माती पहिल्या पावसाला सगळी आत आली होती. पाणी चहासारखं. दोन सालं ती दुसऱ्या वस्तीवरनं घागरी आणत होती.

"मिलच्या माणसांना सांगितलं नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"मिलचं मानूस कुटं हाय? कोनी आलं न्हाई बघा हितं. तुमीच पयले."

माझ्या नोकरीत मला लोकांनी शिव्या दिल्यात, एकानं अंगावर कुत्रं सोडलंय, एकदा जीपची हवा काढलीय. पण त्या म्हातारीच्या साध्या बोलण्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नाही.

सोमवारी मी सही केली नाही. त्याऐवजी सात पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात पहिली त्रुटी माझ्या तक्त्यावर लिहिली, आमच्या नेहमीच्याच नमुन्यात. त्रुटी कुणाची या रकान्यात माझं नाव. बिरू मेटकरीच्या पहिल्या त्रुटीला मी खरी म्हटलं आणि बाकीच्या चारांबद्दल लिहिलं की कुठल्याही ठेकेदाराकडं चौदा वेळा गेलं तर एवढं सापडणारच. यादीतनं काढायचं तर मला आधी काढा, हेही लिहिलं होतं. ते वाक्य श्रीनिवासनं टाइप करताना गाळलं आणि मी त्याला काही बोलले नाही.

साहेब भडकले. मी समजू शकते. परीक्षक आठवड्यावर, आणि ज्या तक्त्याची वाहवा होते तो बसवणारी बाईच म्हणतेय की तो आंधळा आहे. माझी निवृत्ती वर्षावर आली होती. साहेब म्हणाले, "शांतपणे पुढच्या वर्षी दुरुस्त करू की. आत्ताच कशाला?" मी म्हणाले, "साहेब, आत्ता या कागदानं चौदा घरं घरी बसतात, पुढच्या वर्षीचं त्यांना काय करायचंय?" त्यांचंही श्रेय आहे, त्यांनी तो अहवाल अडवला नाही.

परीक्षकांपुढं मीच उभी राहिले. म्हातारीच्या विहिरीचा फोटो आधी दाखवला आणि मग फॉर्म, अकरा वेळा 'नाही'. परीक्षकांमधल्या एक बाई बराच वेळ फॉर्म उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आम्हीही तीन वर्षं बघतोय." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार बरं वाटलं.

तक्ता बदलला. आता 'हो' म्हणून जो सांगतो आणि ते राखतो त्याचे गुण कमी होतात. नुसत्या 'नाही'लाच गुण पडतात, आणि श्रीनिवास उपग्रहानं वरनं काढलेल्या नकाशावर ओढा-विहीर ताडून बघतो. शिवाय दर महिन्याला काही तोडी सरळ चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, त्यात गुणांचा संबंधच नाही. सुभाषराव यादीतनं गेले. म्हातारीच्या विहिरीचा गाळ मिलनं काढून दिला आणि काठाला करंज लावले. ते मोठे व्हायला वेळ लागेल, उंबराला तर फारच. त्याला इलाज नाही. बिरूदादा यादीत राहिला. मला स्वतःचा अभिमान वाटला, लपवत नाही. चूक काढणाऱ्या खात्यात स्वतःची चूक काढून दाखवायला छाती लागते, असं मी नवऱ्याला तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

पण गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी फारच ऐटीत निवृत्त झाले असते.

पुढच्या हंगामात पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यात नेमकी बिरूदादाची तोड निघाली. श्रीनिवास म्हणाला, "मॅडम, दुसरी काढू का?" मी म्हणाले, चिठ्ठी ती चिठ्ठी. आणि खरं तर मला जायचंच होतं. निघताना त्याचा फॉर्म हातात घेतला, वाटेत वाचायला म्हणून. मागची बाजू कोरी होती. पुढं अकरा चौकोन. अकराच्या अकरांत 'नाही'.

सांगोल्यापर्यंत मी जीपमध्ये तो फॉर्म चारदा उलटून बघितला.

रानात पोचले. टोळी काम करत होती. बिरूदादा पुढं आला, हसला, पाण्याचा तांब्या दिला. मी रानभर फिरले. ओढ्याचा काठ तसाच, नियमापेक्षा जास्त सोडलेला. मधल्या लिंबाला ओंडका लागू नये म्हणून बुंध्याला पोतं गुंडाळलेलं. आणि एका जागी चार निलगिरी न पाडता उभ्या ठेवलेल्या, त्यांच्या मधोमध दगडांचं छोटं कडं आणि कड्यात टिटवीची अंडी. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत फिरत होती. सगळं होतं. फक्त कागदावर नव्हतं.

मी फॉर्म पुढं केला. "हे काय, बिरूदादा?"

त्यानं मान खाली घातली. "खरं लिवलं की तुमी येता, म्याडम. टोळीतली मानसं म्हनली, या खेपंला न्हाय लिवायचं. म्या काम सोडलं न्हाय. सांगायचं सोडलं."

माझ्या तक्त्यानं ओढे नासवू दिले, विहीर बुजू दिली, ते सगळं मी लिहून दिलं होतं. पण या माणसाला 'नाही' लिहायला मी शिकवलं, हे कुठल्याच अहवालात आलं नव्हतं. मी त्याला म्हणाले, "बिरूदादा, चूक माझी होती. तुमची नाही." नोकरीत ठेकेदाराला असं म्हणायची पद्धत नाही. मी म्हटलं.

मग मी एका खुंटावर बसले आणि पिशवीतनं कोरा फॉर्म काढला. नवी पद्धत त्याला समजावली. आता टिटवी लिहिली की गुण कमी होतात, वाढत नाहीत. त्याला ते पटेना, पुन्हा सांगायला लावलं. टोळीतले दोघे-तिघे करवत बंद करून ऐकायला आले, त्यांनाही सांगितलं. शेवटी तो समोर उकिडवा बसला आणि सांगायला लागला, मी लिहायला लागले. ओढा. टिटवी, चार अंडी. सुगरण यंदा नाही, बोर वाळली. विहीर वरच्या अंगाला. पुढची बाजू भरली, मी कागद उलटला. मागचीही बरीचशी भरली.

"झालं?" मी विचारलं.

त्यानं हातातली काडी मोडली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घोरपडीचं बीळ हाय एक. ते कुनालाच सांगितलं न्हवतं. टोळीला बी न्हाय."

घोरपडीचं बीळ कुठं आहे हे शिकाऱ्यांना कळलं की दुसऱ्या दिवशी तिथं बीळही राहत नाही आणि घोरपडही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. त्यानं मला हातानं जागा दाखवली. मी लिहिलं, 'घोरपडीचे बीळ, एक. राखले आहे.' बांध कुठला, दिशा कुठली, ते लिहिलं नाही. फॉर्म पुढं दहा हातांतून जातो.

बिरूदादानं वाकून कागद वाचला. एकेका अक्षरावर बोट ठेवत, शेवटपर्यंत.

"आता बराबर लिवलंत, म्याडम," तो म्हणाला, आणि खाली सही केली.